भुंगा फेकायचा नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भुंगा मेला, असं चिरंजीवांचं म्हणणं. मी म्हणते, नुसता बेशुद्ध पडलाय.

भुंगा म्हणजे आमचं ड्रिल मशीन. वायरवालं, लोखंडी अंगाचं, हातात घेतलं की तान्ह्या बाळाइतकं जड. मुलगा लहान असताना ते सुरू झालं की कानांत बोटं घालून "भुंगा आला, भुंगा आला" करत घरभर पळायचा. तेव्हापासून हे नाव. आता तोच मुलगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, "आई, हे भंगारात दे."

झालं असं. मागच्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हाताची मूठ नीट वळत नाही. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पाय घसरला. फारसं लागलं नाही, पण शेजारणीच्या कृपेने बातमी मुलाच्या घरी पोचली. आज तो आणि सूनबाई आले ते ठरवूनच. त्यांच्याकडे मागची खोली रिकामी आहे. महिनाअखेर आम्ही तिकडे जायचं आणि हे घर बंद करायचं. पडदेसुद्धा लावून झालेत म्हणे. मला विचारलं ते एवढंच, की पडद्यांचा रंग आवडेल ना.

मी म्हटलं, "बाथरूममध्ये एक आणि पलंगापाशी एक, अशा धरायला दांड्या लावल्या की झालं. दोन आणून ठेवल्यात. हे लावतील."

"कोण, बाबा?"

"बाबा नाही तर मी."

मुलाने माळ्यावरून भुंगा काढला आणि मला पटवायला म्हणून प्लग लावून बटण दाबलं. भुंगा एकदा गुरगुरला, आतून निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि सगळं गप्प.

"संपलं! आई, मशीनचं वय झालं, बाबांचंही झालं. ओढूनताणून किती दिवस चालवणार?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण माझं डोकंच फिरलं. "मशीन नवं आणशील. बाबा कुठल्या दुकानातून बदलून आणणार आहेस?"

"आई, असं काय हो बोलता," सूनबाई म्हणाली.

मग मी जे बोलले ते बोलले. म्हटलं, महिना संपायच्या आत ह्याच मशीनने, ह्याच घरात, आम्ही दोघं बाथरूमची दांडी लावू. लावली तर आम्ही इथेच राहणार आणि पुन्हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर मुकाट्याने गाठोडं बांधून येऊ, पडदे जांभळे असले तरी.

"पक्कं?" मुलगा म्हणाला.

"पक्कं."

हे खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मला वाटलं, माझ्या बाजूने काहीतरी बोलतील. म्हणाले, "आधी प्लग काढा."


५ फेब्रुवारी

काल रागात लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, डायरी इंग्रजीत लिहा, भाषा सुधारेल आणि स्वभावही. मला इंग्रजीत फक्त हवामान आणि आभार लिहिता येतात. रागाला मराठीच लागते.

सकाळी भुंगा मांडीवर घेऊन पुसला. हे घर घेतलं तेव्हा खिडक्यांना पडदे लावायला दांडी नव्हती, मी चादर खिळ्यांनी ठोकली होती. ह्यांनी पलंगाच्या आधी भुंगा आणला. माझी आई म्हणाली होती, "जावई झोपणार कशावर, मशीनवर?" हे छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर ते मशीन आणि घरी आले की हे. या गल्लीतल्या निम्म्या भिंतींना ह्यांनीच भोकं पाडलीत. कोणाचं फडताळ, कोणाचा आरसा, कोणाच्या पाळण्याचा आकडा. भुंग्याचं तोंड आवळायची किल्ली सारखी हरवायची, म्हणून मी शाळेतली वेणीची निळी रिबीन काढून ती वायरलाच बांधून टाकली. रिबीन आता राखाडी झाली, गाठ मात्र तीच आहे.

खरं सांगायचं तर हे काम माझं नाही. मला येतं ते शिवणयंत्र. भुंग्याच्या आत काय आहे ते मी या सगळ्या वर्षांत पाहिलेलं नाही. हरले तर? पण मला एक दिसतंय ते मुलाला दिसत नाही. झटक्यानंतर हे खुर्चीतून उठतात ते जेवायला आणि झोपायला. तो घोंघाट घरात एकदा झाला ना, की हे उठून "सरक, तुला येत नाही" म्हणणार, मला ठाऊक आहे. मला दांडीपेक्षा ते "सरक" हवंय.


७ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे मिक्सर आणि पंख्यांचं इस्पितळ.

"मावशी, नवीन घ्या की. बॅटरीवालं. एकदम हलकं."

"मी हलकं मागितलं का?"

"याचे पार्ट येत नाहीत आता."

"कुठला पार्ट लागणार हे न उघडताच कळलं तुला?"

"बरं, ठेवून जा, बघतो." त्याने भुंगा मिक्सरच्या ढिगावर टाकला.

"अरे सावकाश!"

"मावशी, त्याला काय होतंय? मेलेलाच आहे तो."

जो तो मेलाच म्हणतोय. डॉक्टरांनी नाडी बघायच्या आधीच सगळे खांदा द्यायला तयार.


१२ फेब्रुवारी

आज न सांगता दुरुस्तीवाल्याकडे धडकले. भुंगा जिथे टाकला होता तिथेच, तसाच आडवा. फरक एवढाच की त्याच्या पाठीवर चहाचा कप ठेवलेला. मी कप उचलून त्याच्या हातात दिला, भुंगा उचलला आणि निघाले. "मावशी, पिशवी तरी घ्या," तो मागून ओरडत होता. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले तर शेजारची बाई अंग चोरून खिडकीला चिकटली. पुढे नळी, खाली घोडा. तिला बंदूक वाटली असणार.

घरी आले तर खुर्ची रिकामी. मी दाराकडे धावले. तेवढ्यात हे टॅक्सीतून उतरले, एकटे. डॉक्टरांकडे जाऊन आले. झटक्यानंतर पहिल्यांदाच माझ्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. मी आधी ओरडले, मग पाणी दिलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, तब्येत वयाला साजेशी आहे."

"मग मला घेऊन का नाही गेलात?"

"तू भुंग्याकडे गेली होतीस. एका वेळी एकच पेशंट." आणि हसले. मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसले. मी विचारलं, काय झालं, तोंडाला काही लागलंय का? म्हणाले, "उद्या उघडू त्याला. म्हणजे तू उघड. मी सांगेन तसं."

मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. माझा बेत लागू पडतोय!


१३ फेब्रुवारी

भुंगा उघडला. नव्हे, मी उघडला!

आधी मात्र ह्यांनी मला विजेच्या मुख्य बटणापाशी नेलं. बंद कर. लाव. आता डोळे मिटून हाताने शोध. परत बंद कर.

"अहो, परीक्षा आहे का?"

"हो."

"पण भुंग्याचा प्लग काढलाय ना? मग घराची वीज कशाला?"

"ते वेगळं, हे वेगळं. हेही यायला हवं."

स्क्रू काढून बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका खणात एकेक ठेवला, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. ही युक्ती माझी. ह्यांनी मान डोलवली, म्हणजे आमच्याकडे ते सुवर्णपदक. कवच उचललं तर आत तांब्याच्या तारांचा गुंडाळा आणि त्याच्या टोकाला तांब्याचाच गोल ढोल. ढोलाच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले दोन काळे तुकडे. त्यांना कार्बन म्हणतात. त्यांच्यातूनच फिरत्या भागाला वीज मिळते. ते झिजून झिजून नखाएवढे उरले होते.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यासाठी सगळे मेला मेला म्हणत होते?"

ह्यांनी हात पुढे केला. ट्रेमधला एक स्क्रू उचलायला गेले, तो बोटांतून निसटून जमिनीवर पडला. मी वाकून शोधला. परत त्याच्या खणात ठेवला.


१५ फेब्रुवारी

हार्डवेअरच्या दुकानात जुना कार्बन दाखवला. पोरगेलासा दुकानदार म्हणाला, "आजी, हा साइज बंद झाला. याच्यापेक्षा मोठे आहेत. घासून बसवा."

"कोणी घासायचे?"

"घरात कोणी माणूस नाही का?"

"मी माणूसच आहे, बाळा." घेऊन आले.

दुपारभर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पॉलिश पेपरवर कार्बन घासत होते. थोडं घासायचं, खाचेत घालून बघायचं, ह्यांना दाखवायचं. हे म्हणणार, "अजून." शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर रुमालाची दुमड भिंगातून बघायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "अगेन." मग सगळी शिवण उसवायची. मला त्यांचा इतका राग यायचा, आणि आज त्यांचा साबणाचा वास आठवून डोळे भरून आले. काळ्या बोटांनीच पुसले. ह्यांनी बघितलं आणि खो खो हसले. आरशात पाहिलं तर मी बोक्यासारखी दिसत होते. किती महिन्यांनी हे असे हसले!

एक तक्रार मात्र आहे. ह्यांना हल्ली शिकवण्याचं वेडच लागलंय. कार्बन झाले तर म्हणे, चल, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते दाखवतो. तो गंजलाय, त्याला आधी डावीकडे जरासा हिसका द्यावा लागतो. मी म्हटलं, हे तुम्ही देताच की. तर म्हणाले, "तू देऊन बघ." दिला. फिरला. मग म्हणाले, "उद्या गीझर."


१६ फेब्रुवारी, रविवार

मुलगा आणि सूनबाई आले. मुलाच्या हातात गुळगुळीत रंगीत पेटी. नवं ड्रिल, बॅटरीवालं.

"आई, पैज-बिज जाऊ दे. दांड्या मी आत्ता लावून देतो. आणि तिकडे यायचं ते पुढच्या महिन्यात निवांत ठरवू."

बोलणं किती गोड! दांड्याही लागणार आणि जायचंही ठरणार. मी म्हटलं, "पेटी बंद कर."

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

"तिला करू दे," हे म्हणाले.

"तुम्हीपण?"

"मी कुठे काय करतोय? मी बसलोय. करतेय ती."

मुलाने पेटी पलंगाखाली सरकवली. "असू दे इथे. लागेल."

सूनबाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "आई, बोटं फार काळी झालीत हो. लिंबू लावा." तिने खांद्यावर हात ठेवला तर मला रडू यायला लागलं, म्हणून मी नळ मोठा सोडला. पोर वाईट नाही. फक्त तिचं घर तिचं आहे, आणि माझं हे.


१७ फेब्रुवारी

सगळं बिघडलं.

सकाळी नवे कार्बन बसवले. झाकण लावायच्या आधी मनात आलं, इतका कोरडा पडलाय बिचारा, जरा तेल द्यावं. शिवणयंत्राला मी दर आठवड्याला देते, ते कसं लोण्यासारखं चालतं. तेलाची बारकी बुधली आणली आणि जिथे जिथे फिरण्याची जागा दिसली तिथे तिथे सोडलं. तांब्याच्या ढोलावर तर चांगलं सढळ हाताने. हे समोर बसून बघत होते. झाकण लावलं, प्लग लावला, देवाचं नाव घेतलं, घोडा दाबला.

भुंगा गर्जला! एक क्षण मी स्वर्गात होते. मग आतून ठिणग्यांची आतषबाजी, पांढरा धूर, तेल जळाल्याचा घाणेरडा वास. मी घोडा सोडला, प्लग उपटला, खिडक्या उघडल्या.

"ढोलावर तेल नाही चालत," हे म्हणाले. शांतपणे. "तिथे कोरडंच लागतं. कार्बनही तेल प्यायले. ते गेले आता."

"तुम्ही बघत होतात ना मी तेल घालत होते तेव्हा?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू विसरली असतीस. आता नाही विसरणार."

मला इतका संताप आला! मी म्हटलं, "विसरले तर विसरले! मी कशाला लक्षात ठेवू? तुम्ही इथेच तर बसलेले असता दिवसभर. विचारलं की सांगायचं, त्यात काय मोठं?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. धूर जायला म्हणून उघडली होती ती खिडकी. मग म्हणाले, "चहा टाकतेस?"

टाकला. आदळआपट करत टाकला. नंतर पलंगाखालची पेटी ओढून बाहेर काढली. वरची चिकटपट्टी नखाने अर्धी सोडवली सुद्धा. किती सोपं आहे. आतलं हलकं, नवंकोरं काढायचं, संध्याकाळपर्यंत दांडी भिंतीवर. कोणाला कळणार? मग डोळ्यांसमोर ती मागची खोली आली, आणि तिथे खिडकीशी खुर्चीत बसलेले हे, करायला काही नाही, "सरक" म्हणायला कोणी नाही. पेटी परत लोटून दिली. पायाने.


१८ फेब्रुवारी

आज ह्यांच्याशी कामापुरतं बोलले. स्पिरिट आणून चिंधीने ढोल पुसला, त्यावरच्या पट्ट्यांमधल्या फटी दात कोरायच्या काडीने साफ केल्या. तासन्‌तास. दुकानातून पुन्हा कार्बन आणले. दुकानदार म्हणाला, "आजी, खाता की काय?" मी म्हटलं, "हो, चहाबरोबर."

पुन्हा घासायला बसले. या वेळी हे एकदाही "अजून" म्हणाले नाहीत. खाचेत गेला की मलाच बोटाला कळत होतं.


२० फेब्रुवारी

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. हे बाथरूममध्ये होते, मी घेतला.

"काकू, काका तुमच्याशी बोलले ना?"

म्हटलं, "बोलतात की! हल्ली तर थांबतच नाहीत. वीज काय, पाणी काय, गीझर काय. नुसती शाळा भरलीय घरात."

डॉक्टरांनी विचारलं, गीझर? मग म्हणाले, "बरं. काहीही लागलं तर केव्हाही फोन करा. केव्हाही. संकोच करू नका." फार भला माणूस आहे. आजकाल एवढी आपुलकी कोण दाखवतं?

ह्यांना सांगितलं तर टॉवेलने डोकं पुसत राहिले. केस वाळले तरी पुसत होते. म्हणाले, "गीझरचं झालं का पाठ?"

आमचं भांडण मिटलं. रुसून राहायला मला कधीच जमलं नाही, शाळेतही शिक्षा संपायच्या आधी मीच सिस्टरच्या मागे मागे फिरायचे.


२१ फेब्रुवारी

चालला! चालला! चालला!

ना ठिणगी ना धूर. तोच जुना जाडा आवाज, खिडकीची काच थरथरवणारा. शेजारीण गॅलरीत आली आणि ओरडली, "काय गं, तुझे हे लागले वाटतं कामाला?" मी म्हटलं, "मी लागलेय!"

मी भुंगा ह्यांच्या पुढे केला. "धरा." ह्यांनी डावा हात खाली लावला, उजवा वर ठेवला. मी वरून माझा हात ठेवून घोडा दाबला. तिघंही थरथरत होतो. ह्यांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ आम्ही हवेतच भोक पाडत उभे होतो.

मग हे हात काढून घेत म्हणाले, "छान. आता तू एकटी."

"सरक" नाही म्हणाले. पण म्हणतील.


२४ फेब्रुवारी

सराव चालू. आधी फळीवर, मग मागच्या अंगणातल्या भिंतीवर. ती भिंत आता चाळणीसारखी झाली आहे. शिकले ते असं: भुंग्याला ढकलायचं नाही, नुसतं टेकायचं. कोपर अंगाशी. लाल भुकटी आली की आत वीट लागली. करडी आली तर सिमेंट, तिथे दमाने. मधेच थांबून त्याला श्वास घेऊ द्यायचा. हे खुर्ची अंगणात घेऊन बसतात. ऊन असलं तरी शाल लागते त्यांना. बारीक झालेत जरा. मी रोज दुधात अंडं फेटून देते, अर्धं तसंच ठेवतात. महिना संपला की हट्टाने खायला घालणार आहे, आत्ता दोन आघाड्यांवर लढता येत नाही.

आज शेजारीण विचारायला आली, तिच्या आरशासाठी एक भोक पाडून देतील का. "देतील का" नाही, "देशील का" म्हणाली. मला!


२७ फेब्रुवारी

दांडी लागली.

जरा सविस्तर लिहिते, कारण शेवटी भांडण झालंच. सकाळी मी ह्यांना बाथरूममध्ये उभं केलं, हात सहज जाईल तिथे टाईलवर पेन्सिलने खूण केली. हे चांगले उंच. मुलगा लहानपणी आमच्या फोटोला शिडी आणि स्टूल म्हणायचा, त्यातलं स्टूल मी. खूण केल्यावर मला भुंगा वर उचलूनच धरावा लागणार होता, पण त्याचं मला काही नव्हतं.

हे म्हणाले, "फार वर झाली."

"तुमच्याच हाताच्या मापाने केलीय."

"तू उभी राहा. इथे, शॉवरखाली. डोळे मीट."

"हे काय नवीन?"

"डोळ्यांत साबण गेलाय समज. पाय घसरतोय. धर."

मी हात पुढे केला. भिंतीला लागला. तळव्याशेजारी काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तर ह्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघेने, माझा पंजा जिथे टेकला होता तिथे खूण केली होती. माझ्या खुणेपेक्षा चांगली वीतभर खाली.

"इथे."

"अहो, पण पडता तुम्ही! धरायचं तुम्हाला आहे!"

"मी वाकेन."

"वाकायचं कशाला? घसरलेला माणूस वाकून दांडी शोधणार का?"

"इथेच," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण छापखान्यात मशीन थांबवताना जसे बोलत असतील तसे बोलले. आणि दारात खुर्ची टाकून बसले.

मी ऐकलं. का ऐकलं माहीत नाही. तिथे वाद घालण्याची हिंमत झाली नाही, असं म्हणू हवं तर. टाईलवर भुंग्याचं टोक घसरू नये म्हणून चिकटपट्टी लावली, खिळ्याने बारीक टोचा मारला, भुंगा टेकवला. आधी पांढरी भुकटी, मग लाल. एकही टाईल तडकली नाही. सगळी भोकं झाली, त्यांत स्क्रूला पकड देणाऱ्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले. ह्यांनी एकदाही टोकलं नाही. सांगायला काही नव्हतंच, सगळं बरोबर चाललं होतं. झाल्यावर मी वळून पाहिलं तर हे माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "आता काळजी नाही."

मी म्हटलं, "तर! आता मुलाला कळेल."


२ मार्च, रविवार

जिंकले!

मुलगा आणि सूनबाई आले. मुलगा थेट बाथरूममध्ये गेला, दांडी दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार टाकला. पाय दुमडून लोंबकळला. दांडी हलली नाही, मीही हलले नाही.

"मानलं, आई. पण ही फारच खाली लावलीस गं. बाबांना इथे..." आणि वळला. हे दारात उभे होते. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उंचीवरून मला बोलणी बसणार, म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "मला विचारू नकोस, ह्यांनी लावायला लावलीय. मला उभं करून माप घेतलं. ऐकतात का माझं?"

मुलाने दांडी सोडली. ह्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, जवळ जमिनीवर बसला. लहानपणी बसायचा तसा, गुडघ्याला टेकून. मग म्हणाला, "राहा इथेच. मीच येत जाईन. रोज येत जाईन."

"रोज कशाला? तुझी नोकरी?"

"येईन गं."

मी इतकी मोठी तयारी केली होती, त्याने कुरकुर केली तर काय म्हणायचं, पक्कं म्हणजे काय, दिलेला शब्द म्हणजे काय. एकही वाक्य वापरावं लागलं नाही. जिंकले, पण जिंकण्याची मजा जरा कमीच आली. सूनबाईने निघताना मला इतकं घट्ट धरलं की तिची कर्णफुलं टोचली. पलंगाखालची पेटी मी मुलाच्या हातात दिली. म्हटलं, "तुझ्या घरी लागेल. आमच्याकडे आहे."

आता एक दांडी उरली आहे, पलंगापासच्या भिंतीला लावायची, उठताना धरायला. हे मघाशी म्हणाले, तिलाही तुझंच माप घे, तू पलंगावर बस, मी खूण करतो.

मी सरळ नाही म्हटलं. भोकं मी पाडते, भुंगा मी जिवंत केला, तर उंचीही मीच ठरवणार. "तुम्ही बसा पलंगावर," म्हटलं, "हात वर करा. आणखी वर. नीट करा." ह्यांनी केला. मी तो मनगटाशी धरून भिंतीला टेकवला आणि पेन्सिल गिरवून गिरवून ठळक खूण केली. हे म्हणाले, "अगं, तुझा हात नाही पोचायचा तिथे."

नाही पोचणार. माहीत आहे मला. उद्या सकाळी उजेडात तिथेच भोक पाडणार आहे. ती दांडी माझ्यासाठी नाहीच. ती ह्यांनी धरायची आहे आणि रोज सकाळी उठायचं आहे. बघू कोण मला अडवतं.